बोरीची फांदी

"मग घालू का परत जुनीच सिस्टीम?"

विश्राम धुमाळनं हा प्रश्न मठाच्या पडवीत उभ्याउभ्याच विचारला. बूट तेवढे दाराशी काढले होते. पाठीवरची लॅपटॉपची पिशवी उतरवायचंही भान नव्हतं.

आनंदबुवा पळसाच्या पानांचा ढीग पुढ्यात घेऊन पत्रावळी लावत बसले होते. उद्या मठाचा उत्सव. पान पानावर ठेवायचं, काडी टोचायची, टोक मोडायचं. त्यांनी मान वर केली नाही.

"घाल की," बुवा म्हणाले.



हे उत्तर त्याला नको होतं. टेकडी चढताना त्यानं सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. बुवा म्हणतील, नको घालूस. मग आपण कारणं सांगू. बुवा नाइलाजानं होकार देतील, आणि हरल्याचं खापर निम्मं तरी बुवांच्या माथी जाईल. एवढी सुरेख योजना, आणि बुवांनी दोन शब्दांत तिचा निकाल लावला.

"घालू ना नक्की?"

"तुझं यंत्र. तुझी शिष्टीम. मला काय इचारतोस?"

"मी भर मांडवात बोललो होतो, बुवा."

"व्हय. लई वेळ बोलला हुतास."

विश्राम तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. चांगलं शिकवायचा, आणि आपण चांगलं शिकवतो हे त्याला गरजेपेक्षा थोडं जास्तच ठाऊक होतं. गेल्या उत्सवात त्यानं माईक हातात घेऊन जाहीर केलं होतं की मठाचं जे काही काम संगणकावर होईल, ते लिनक्सवर होईल. संगणक चालवणारी ही सिस्टीम कुणा एकाच्या मालकीची नसते. कुणीही घ्यावी, उघडून आत बघावं, हवा तो बदल करावा आणि पुढच्याला द्यावी. कुलूपबंद सिस्टीमची गुलामी मठाच्या दारात नको, असं तो म्हणाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं जेवणाची पंगत होती, त्यामुळं टाळ्या लवकर वाजल्या, पण विश्रामला त्या पुरल्या.

आणि यंदा काम आलं तेही साधंसुधं नव्हतं.

आनंदबुवांच्या गुरूंची, थोरल्या बुवांची पदं कुठंच लिहिलेली नव्हती. ती होती आनंदबुवांच्या मुखात. उत्सवात बुवा एक ओळ म्हणायचे, गावोगावहून आलेल्या बाया ती उचलायच्या, मग बुवा दुसरी म्हणायचे. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. यंदा मात्र पावसाळ्यात बुवांच्या घशानं दगा दिला. बोलण्यापुरता आवाज उरला. गाणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

म्हणून विश्राम रविवार-रविवारी मठात येऊन बसला. बुवा हळू आवाजात सांगत गेले, हा टाइप करत गेला. प्रत्येक बाईच्या हातात उद्या पदांचा कागद जायचा होता. कागद नाही तर पद नाही, आणि पद नाही तर उत्सवात उरलं काय, नुसती खीर.

"झालंय काय पर ते तरी सांग," बुवा म्हणाले. "आन् बूड टेक आधी."

विश्राम बसला. पिशवीतून एक कागद काढून त्यानं बुवांपुढं धरला.

"हे बघा. पडद्यावर अक्षर न् अक्षर बरोबर. तुमच्या प्रिंटरला जोडून मागच्या खेपेला छापलं, तर हे असं. जोडाक्षर आलं की फुटलंच. वेलांटी भलत्याच अक्षरावर. मध्येच रिकामी वर्तुळं. 'उघड्या दारी' म्हणायचं, तर त्या 'उघड्या'चे तुकडे पडलेत."

बुवांनी कागद लांब धरून पाहिला.

"पडलं खरं," ते म्हणाले.

"आणि हे एकच नाही. वर्षभर हेच चाललंय. आधी आवाज गेला. आवाज आणला तर माउस अडला. माउस सोडवला तर पडदा अंधारून यायला लागला. कुणाला विचारावं, तर तो म्हणतो, तुम्ही घेतलेलं लिनक्स बदला, आमचं घ्या. जितकी माणसं तितकी लिनक्सं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं."

"आमच्यात बी आसंच हाय," बुवा म्हणाले आणि काडी टोचली.

विश्रामला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. तो रागावून आला होता आणि राग पुरता खर्च झाल्याशिवाय त्याला हसायचं नव्हतं.

"खाली गावात मेव्हणा जुनी कुलूपबंद सिस्टीम घेऊन बसलाय. उजेडात उतरलो तर तो घालून देईल, छापूनही देईल. उशीर केला तर तो निघून जाईल. त्याला आज शहरात परतायचंय."

"मग थांबलास कशाला? पानी पी आन् जा."

विश्राम पाणी प्यायला. पण उठला नाही.

"वाट गावली का नीट?" बुवांनी विचारलं.

"कुठली नीट? गाडीरस्ता दुरुस्तीला बंद, म्हणून पायवाटेनं आलो. ओढ्याच्या फाट्यावर चुकलो. डोक्यात हा प्रिंटर. डावीकडं वळलो तो थेट जुन्या दगडखाणीत. एवढा चढ चढून गेलो आणि परत आलो."

"आन् मग?"

"मग काय... उजवीकडची धरली. आलो."

"मग?"

"मग हा तुमच्यापुढं बसलोय."

"बरं," बुवा म्हणाले आणि नवं पान उचललं.

त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं. विश्रामच्या ते ध्यानात आलं नाही, कारण त्याला अजून खरी तक्रार सांगायची होती.

"आणि बुवा, सगळ्यात चीड कशाची येते सांगू? आमचं एक मंडळ आहे. इंटरनेटवर. लिनक्स वापरणारी मराठी माणसं. लहानसंच आहे. कुणी अडलं की तिथं विचारतं, ज्याला ठाऊक असेल तो सांगतो. मी शोधत शोधत गेलो, तर तिथं एकाचा प्रश्न सापडला. अगदी माझाच. पडद्यावर बरोबर, कागदावर तुकडे. नाव घेतलंय त्यानं रानपाखरू. मला असा आनंद झाला, बुवा. खाली गेलो तर उत्तर देणारं कुणी नाही. आणखी खाली गेलो तर स्वतः रानपाखरूच. काय लिहिलं असेल त्यानं?"

"काय?"

"सुटलं, धन्यवाद."

"...बास?"

"बास. कसं सुटलं, काय केलं, अक्षर नाही. मीही खाली विचारून ठेवलंय, छपाईचं कसं केलंत म्हणून, उत्तर नाही. मोकळा झाला आणि उडाला. हा माणूस भेटला ना, तर गळा धरीन त्याचा. अरे, तुझं सुटलं तर मागून येणाऱ्याला सांगायला काय जातं तुझं?"

बुवा हसायला लागले. आवाज नसल्यामुळं ते हसणं नुसतं खांद्यांत दिसलं.

"हसताय काय बुवा?"

"न्हाई. तुझं समदंच अडलंय, का काई सुटलं बी?"

"सुटलं ना. वायफाय. चालता चालता मध्येच तुटायचं. सगळ्या मंडळाला विचारलं, कुणाला येईना. मी एकट्यानं शोधून काढलं. सुट्टीभर डोकं फोडलं, आणि शेवटी एका फाइलीत एक ओळ बदलायची होती, एवढंच." त्याचा चेहरा फुलला. "त्या दिवशी घरात पेढे आणले होते."

"ग्वाड झालं असत्याल."

"झाले होते."

"आन् मंडळात काय लिवलंस?"

विश्रामनं तोंड उघडलं.

...

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, आणि आवाजामागून चंद्राक्का आल्या. पिंपरीच्या बायांच्या भजनी मंडळाच्या त्या म्होरक्या. वय झालेलं, पण गळा अजून टेकडी ओलांडून जाईल असा. डोक्यावरचं गाठोडं त्यांनी पडवीत टेकवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"बुवा, पाया पडते. आन् आधी मला सांगा, आज पायवाटंनं कोन आलं?"

बुवा काडी शोधायला लागले.

"का गं आक्का?"

"खानीत जाऊन आले की मी. फाट्यावर फांदीच न्हाई. मेंढरं गेली असत्याल, सरकवली असंल त्यांनी, मला ठावं हाय. मेंढराला काय बोलावं. पर माझ्या म्होरं कोन तरी मानूस गेलं हुतं. ओल्या मातीत बुटाचं ठसं हायती. जातानाचं बी हायती आन् माघारी येतानाचं बी. म्हंजी त्याला कळलं हुतं, हिकडं वाट न्हाई. मग बोरीची एक फांदी मोडून आडवी टाकाया त्याचा हात काय दुखत हुता?"

त्या डोंगरात ही रीत जुनी होती. फाट्यावर दोन वाटा सारख्याच दिसायच्या. चुकून खाणीकडं गेलेल्या माणसानं परत येताना त्या वाटेच्या तोंडावर बोरीची काटेरी फांदी आडवी टाकायची. मग पुढचा थबकतो, काटे बघतो आणि उजवीकडं वळतो. फांदी टिकायची नाही. मेंढरं ढकलायची, वाळली की कुणी जळणाला न्यायचं. मग पुढच्या चुकलेल्यानं नवी टाकायची. विश्रामचा जन्म पायथ्याच्या गावातला. त्याला ही रीत पोरवयापासून ठाऊक होती.

चंद्राक्कांची नजर दाराशी गेली. तिथं बूट होते. बुटांना खाणीची लाल माती होती.

मग त्यांनी विश्रामकडं पाहिलं.

कॉलेजातले सर म्हणून त्या पुढं काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं विश्रामला फार लागलं.  जमीन दुभंगावी वगैरे त्याला वाटलं नाही, पण बूट तेवढे कुणीतरी आत घ्यावेत असं फार वाटलं.

"मी टाकून येतो," तो उठत म्हणाला.

"मी टाकलीया," चंद्राक्का म्हणाल्या. "बसा तुमी."

तो बसला.



"काय लिवलंस म्हनालास?" बुवांनी विचारलं.

विश्राम खाली बघत होता.

"सुटलं..." तो म्हणाला.

बुवा थांबले.

"...धन्यवाद."

त्यांनी पुरी झालेली पत्रावळ उचलून उजेडाला धरली, कुठं भोक राहिलंय का बघितलं आणि ढिगावर ठेवली.

विश्रामनं पिशवीतून लॅपटॉप काढला. मठात मोबाइलला रेंज मिळायची ती दीपमाळेच्या कट्ट्यावर. तो तिथं जाऊन बसला. खाली गावातली कौलं दिसत होती आणि ऊन त्यांच्यावरून सरकायला लागलं होतं. आता लिहीत बसलो तर मेव्हणा जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेव्हणा गेला की कागदही गेले. चंद्राक्का पडवीत बुवांच्या शेजारी बसून पत्रावळी लावायला लागल्या होत्या, आणि उद्या काय गायचं ते बुवांना विचारत होत्या. त्यांनी उद्याच्या कागदाचा विषय काढला नव्हता. तो मिळणारच, हे त्या धरून चालल्या होत्या.



तरी त्यानं मंडळाचं पान उघडलं आणि वायफायचा आपला जुना प्रश्न शोधला. शेवटी त्याचंच वाक्य होतं. सुटलं, धन्यवाद. त्या वाक्याखाली नंतर काय आलं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. काम झालं होतं, बघायचं कशाला.

खाली ओळी होत्या.

"दादा, मलाही हेच होतंय. कसं सोडवलंत ते सांगाल का? लेक लांब नोकरीला आहे. बोलणं निम्म्यावर तुटतं."

मग काही दिवसांनी, "दादा, आहात का?"

आणि मग, "राहू द्या. सवड मिळाली तर सांगा."

लिहिणाऱ्याचं नाव होतं रानपाखरू.

विश्राम त्या नावाकडं बघत बसला. ज्याचा गळा धरायचा होता, तो माणूस महिनोन् महिने याच्याच दारात उभा होता, आणि यानं दार उघडून बघितलं नव्हतं. त्याला लाज वाटली. लाजेच्या पाठोपाठ, का कोण जाणे, हसू आलं, आणि या खेपेला त्यानं ते दाबलं नाही. दीपमाळेखाली एकटाच बसून हसणारा प्राध्यापक पाहून चंद्राक्कांनी बुवांना कोपरानं ढोसलं.

मग तो लिहायला लागला.

पहिल्यापासून लिहिलं. कुठली फाइल, ती कुठं असते, कशी उघडायची, कुठली ओळ, तिच्यात काय बदलायचं. आधी आपण काय काय करून फसलो तेही लिहिलं. इथं हात घालू नका, मी घातला होता, सगळंच बंद पडलं होतं. काहीजण हे करायला सांगतील, करू नका, उपयोग नाही. फसल्याचं लिहिताना त्याला आधी जड गेलं. मग गंमत वाटायला लागली. शेवटी त्यानं लिहिलं, "उशीर झाला, माफ करा."

मध्ये मेव्हण्याचा फोन वाजला. विश्रामनं तो वाजू दिला. नंतर खालच्या रस्त्यावर एक गाडी वळताना दिसली आणि झाडांत दिसेनाशी झाली.

आता कागद नव्हते आणि मेव्हणाही नव्हता. विश्राम लॅपटॉप मिटून पडवीत आला, बुवांच्या समोर बसला आणि काही न बोलता एक पळसाचं पान उचललं. त्याला पत्रावळ लावता येत नव्हती. पहिल्याच काडीला पान फाटलं.

"बुवा, उद्या काय करायचं?" त्यानं हळूच विचारलं.

"उद्याचं उद्या," बुवा म्हणाले. "काडी आडवी घाल. हां... आशी."

दिवेलागण झाली. चंद्राक्कांनी दिवा लावला. विश्राम मोबाइल घ्यायला कट्ट्यावर गेला, तर पडद्यावर मंडळाचा निरोप येऊन थांबला होता.

"दादा, चाललं. आत्ताच लेकीशी पोटभर बोललो, एकदाही तुटलं नाही. ती विचारत होती, बाबा, आज काय केलंत? तुमचं नाव सांगितलं. तुम्ही छपाईबद्दल विचारलेलं आज बघितलं. चूक माझी. माझं काम झालं आणि मी नुसतं 'सुटलं' लिहून मोकळा झालो. छापायच्या खिडकीत अगदी तळाशी 'चित्र म्हणून छापा' असा पर्याय आहे. त्याच्यावर खूण करा. मग अक्षरं फुटत नाहीत. माझी सगळी जोडाक्षरं त्यानंच सांधली."

विश्राम धावत आला. प्राध्यापक माणूस, पण मठाच्या अंगणात अनवाणी धावला.

आतल्या खोलीत कुणा भक्तानं दिलेला प्रिंटर होता. त्यानं तार जोडली. खिडकी उघडली. तळाशी गेला. खूण केली. प्रिंटर कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. कागद जरा तिरका आला.

अक्षरं मात्र अखंड आली. वेलांट्या आपापल्या घरी, जोडाक्षरं हातात हात घालून.

चंद्राक्कांनी कागद दिव्यापाशी नेला. अक्षरावर बोट ठेवत, एकेक शब्द उचलत त्यांनी वाचलं.

"उघड्या दारी वस्ती केली... कुलूप कोठे लावू..."

मग वाचता वाचता त्यांनी चाल धरली. तो भरदार गळा खोलीत मावेना, अंगणात गेला. बुवांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि डोळे चंद्राक्कांच्या हातातल्या कागदावर होते. आपल्या मुखातलं पद दुसऱ्याच्या हातात असं पहिल्यांदाच पाहत होते ते.

विश्रामनं टाळ घेतला आणि चुकीच्या जागी वाजवला, आणि कुणी त्याला थांबवलं नाही.

प्रिंटर कागद टाकत राहिला. सगळे तिरके, सगळे खरे. कागद येत होते तोवर विश्रामनं कट्ट्यावर जाऊन मंडळात आणखी एक गोष्ट लिहून टाकली. छपाईची, पहिल्यापासून, त्या खिडकीच्या चित्रासकट. बुवांनी त्याला सांगितलं नव्हतं.

परत येऊन त्यानं कागदांचा गठ्ठा बुवांपुढं ठेवला आणि पायांवर डोकं टेकलं. उठला तेव्हा चेहऱ्यावर जुनं तेज थोडंसं परत आलं होतं. माणूस एका संध्याकाळीत किती बदलणार.

"बुवा, आता ही सिस्टीम मला कळली. ती फाट्याची वाटही कळली. आता शब्द देतो तुम्हाला, मी पुन्हा कुठं चुकायचो नाही."

बुवांचा काडी धरलेला हात थांबला. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

"आसं नगं रं करू, बाबा..."

"का, बुवा?"

"मग फांदी कोन टाकंल?"